आधीचे हात

मागच्या सीटपुढचं रबरी मॅटिंग उचललं, डांबराचा थर पटाशीनं खरवडला, तर खाली अर्धं सूर्यफूल निघालं. पिवळ्या पाकळ्या, तपकिरी गाभा आणि कडेला वजनाचे दोन आकडे. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा कुणीतरी उकलून, सपाट ठोकून, फियाटच्या गंजलेल्या तळाला रिबिटा मारून बसवला होता. पत्र्याच्या कडा आत दुमडून घेतलेल्या, म्हणजे कुणाच्या पायाला, चपलेला धार लागायला नको. रिबिटा सारख्या अंतरावर, कोपऱ्यांत मात्र जवळजवळ. मधल्या फटींमधून डांबर आत ओतलेलं. पाणी वरूनही यायला नको आणि खालूनही. मी पटाशी बाजूला ठेवली आणि बराच वेळ तिथंच मांडी घालून बसले.

गाडी १९६९ सालची, फियाट अकराशे डिलाइट. सांगलीच्या एका डॉक्टरांची. त्यांची नजर अधू झाली तशी ती वाड्याच्या मागच्या पडवीत विटांवर चढली ती चढलीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पडवीत शिरलं, दाराच्या उंबऱ्यापर्यंत चढलं आणि काही दिवसांनी आलं तसं गेलं. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडे भंगारवाले फेऱ्या मारू लागले. काकू त्यांना म्हणायच्या, तोडायला नाही द्यायची, उघडून बघायची हौस असेल त्याला द्यायची. मी तेव्हा नुकती शाळेतून निवृत्त झाले होते आणि हौस तर मला लहानपणापासून होती. घरातलं प्रत्येक घड्याळ मी कधी ना कधी उघडलेलं आहे. टेम्पोत चढवून गाडी कोल्हापूरला, आमच्या अंगणात आली. दारांखालच्या पोकळ पत्र्यात पेचकस घातला तर आतून गाळ पडायला लागला. काळा, वाळून पापुद्रे झालेला, नदीचा वास अजून धरून असलेला.

मदतीला जे मिस्त्री येतात त्यांनी उभी हयात फियाट आणि अँबेसिडरवर काढली आहे. या दोन गाड्यांसाठी पूर्वी गॅरेजमध्ये पान्यांच्या दोन पेट्या ठेवाव्या लागत. अँबेसिडर विलायती वळणाची, तिचे नटबोल्ट इंचात. फियाट इटलीची, तिचे मिलिमीटरमध्ये. मिस्त्री सांगतात, पोरगा कामावर नवा असला की त्याला अंधारात नट चाचपायला लावायचे आणि कुठल्या पेटीतला पाना लागेल ते ओळखायला सांगायचे. सूर्यफुलावरून त्यांनी बोट फिरवलं, रिबिटा मोजल्यागत एकेक दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ज्यानं ह्ये केलंय न्हवं, त्येला काम येत हुतं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

फियाट अकराशेची ही जात जन्माला आली १९५३ मध्ये, इटलीतल्या तुरिनच्या मिराफिओरी कारखान्यात. दांते जाकोसा नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली तिची आखणी झाली. वेगळी चेसिस नाही. तळ, खांब, छप्पर सगळं मिळून एकच सांगाडा. त्यामुळे तळ गंजला की नुसता पाय खाली जात नाही, गाडीचा कणाच ढिला होतो. वर्षभरातच ती कुर्ल्याला आली. तिथल्या कारखान्याची प्रीमियर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी इथल्या हातांनी इथं बनल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास. १९५३ मध्ये ते गेले. ज्या गाडीनं पुढं त्यांच्या कारखान्याचं नाव घरोघरी नेलं ती गाडी त्यांनी कुर्ल्यात बनताना पाहिली नाही. मला याची उगीचच हळहळ वाटते. १९६४ ला डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिची आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. नाव पालटलं, आरसे-दिवे पालटले, अंगकाठी तीच राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती इतकी वर्षं धावली की २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा तिचे फोटो काढायला माणसं जमली.

पण कारखान्यात गाडी एकदाच बनते. माझ्या अंगणातली ही गाडी त्यानंतर किती तरी वेळा बनलेली आहे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, तेव्हा घरी गाडी यायची, असे ते दिवस. आयातीवर बंधनं, सुटे भाग टंचाईचे. मिळालेली गाडी टाकून दुसरी घ्यायची हा विचार डॉक्टरांसारख्या मिळवत्या माणसालाही परवडणारा नव्हता. म्हणून ती दुरुस्त व्हायची. सांगलीत, जतच्या वाटेवर, कुठल्याशा तालुक्याच्या गावी झाडाखाली. मिळेल त्या पत्र्यानं, मिळेल त्या तारेनं. कुर्ल्याच्या कारखान्यानं तिला अंग दिलं, पण तिला जगवली ती या माणसांनी. त्यांच्यातल्या एकाचंही नाव गाडीत कुठं लिहिलेलं नाही. कारखान्याची पितळी पाटी मात्र बॉनेटखाली अजून शाबूत आहे.

डाव्या मागच्या दाराचा आतला पुठ्ठा काढला, तेव्हा आत एक्स-रेची फिल्म चिकटवलेली निघाली. काचेच्या फटीतून उतरणारं पावसाचं पाणी पुठ्ठ्याला लागून तो फुगतो, म्हणून मध्ये काही तरी आडोसा लागतो. डॉक्टरांची गाडी, तेव्हा दवाखान्यात जुन्या फिल्मा पडलेल्या असणारच. टिंकरनं, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्यानं मागितली असेल, डॉक्टरांनी दिली असेल. उजेडात धरली तर कुणाच्या तरी बरगड्या. डाव्या बाजूला फुप्फुसावर एक धूसर डाग. पेशंटचं नाव खरवडून काढलेलं होतं, बहुधा डॉक्टरांनीच, देण्याआधी. एखाद्या खेड्यातनं सायकलीच्या कॅरियरवर बसून आलेला हा माणूस बरा झाला की नाही कोण जाणे. त्याच्या छातीनं पुढं कित्येक पावसाळे त्या दाराला कोरडं ठेवलं. पुठ्ठा कुजला नव्हता. मी फिल्म ओल्या फडक्यानं अलगद पुसली आणि होती तिथं परत लावली. काकूंना फोनवर सांगितलं तर त्या नुसतं "हो का" म्हणाल्या आणि मग जरा वेळानं म्हणाल्या, "ते असंच करायचे. काही टाकायचे नाहीत."

गिअरचं हँडल स्टिअरिंगच्या दांडीवर असतं आणि तिथून सळ्या, सांधे, बुश अशा वळणावळणानं गिअरबॉक्सपर्यंत निरोप पोचतो. एकेक बुश झिजला की निरोपात गफलत होते. हँडल दुसऱ्यावर आणि गिअर भलत्यावर. आमच्या गाडीतले दोन बुश मूळचे नव्हते. गनमेटलचे, लेथवर काढलेले, आतल्या अंगाला ग्रीस धरून ठेवायला बारीक चर पाडलेली. ती चर कारखान्याच्या बुशात नसते, असं मिस्त्री म्हणाले. म्हणजे कुणा टर्नरनं स्वतःच्या डोक्यानं ती पाडली. कारखान्याचे बुश झिजून गेले आणि हे अजून घट्ट होते.

हे बुश बहुधा आमच्याच शिवाजी उद्यमनगरात झाले असावेत. तिथल्या गल्ल्या ऑइल इंजिनं आणि उसाच्या चरकांवर वाढल्या. शेतकऱ्याचं इंजिन भर हंगामात बंद पडलं तर मुंबईहून पार्ट येईपर्यंत ऊस थांबत नाही. तेव्हा मोडका तुकडा घेऊन यायचं, त्यावरून फाउंड्रीत लाकडाचं पॅटर्न, मग वाळूचा साचा, मग ओतीव तुकडा आणि लेथ. आजही मोडका पार्ट पुढं ठेवला की तिथला माणूस "हा कुठल्या गाडीचा" असं विचारत नाही, "कधी पायजे" एवढंच विचारतो. या गावाला ही खोड जुनी आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यानं भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमा पाहिला आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं त्यांनी मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामले नावाच्या सहकाऱ्याच्या साथीनं तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. कॅमेऱ्याचं दातेरी चाक कापणारा हात आणि फियाटच्या बुशात जास्तीची चर पाडणारा हात यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. समोरची वस्तू ज्यानं बनवली तोही आपल्यासारखा माणूसच, तेव्हा ती आपल्यालाही बनवता येईल, असा एक शांत भरवसा दोघांतही आहे.

इंजिन धरलं होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं, रोज संध्याकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागं-पुढं हलवत राहिलो. एके दिवशी पिस्टन सुटले. त्याहून हेडनं जास्त दमवलं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि त्यातून जाणारे स्टड लोखंडाचे. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की हे धातू एकमेकांना असे धरतात की सुटता सुटत नाहीत. पहारीनं उचकटलं तर मऊ ॲल्युमिनियम चिरतं. मिस्त्री ऑइल सोडायचे, लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे आणि घरी जायचे. घाई कर म्हणणारं कुणी नव्हतं, ही घरी काम करण्यातली चैन. गॅरेजात हे होत नाही. तिथं एका गाडीनं अडवलेली जागा दुसऱ्या गाडीची रोजी असते.

व्हॉल्व्ह घासायचं काम मी मागून घेतलं. ज्या काडीच्या टोकाला रबराची वाटी असते ती व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची, सीटवर घासायची पेस्ट लावायची आणि काडी दोन्ही तळव्यांत धरून ताकातल्या रवीसारखी फिरवायची. आधी खरखर येते. मग आवाज बारीक होत जातो, नंतर तर तळव्यांनाच कळतं की पेस्टचं काम संपलं. व्हॉल्व्ह उचलून पुसला की कडेनं राखी रंगाची एकसारखी कड उमटलेली दिसते. कुठं तुटलेली असली तर पुन्हा. आठ व्हॉल्व्ह होते आणि मला ते सोळा असते तरी चालले असते. चाळीस वर्षं मी वह्या तपासल्या. एखादी चूक पूर्णपणे मिटली हे इतक्या ठामपणे दाखवणारं काम मला त्यात कधी मिळालं नव्हतं.

जुन्या गाड्यांच्या लोकांत 'ओरिजिनल' या गोष्टीला फार मान. रॅलीत परीक्षक वाकून बघतात. नट दुसरा दिसला की गुण कापतात. आपल्या सरकारनं २०२१ मध्ये पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले, नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली पाटी दिली. त्यातही अट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. अट योग्यच आहे, नाही तर जुन्या नावाखाली काहीही उभं राहील. गाड्यांना रुंद टायर, चकाकत्या अलॉय आणि दणदणीत म्युझिक बसवून 'रिस्टोर केली' म्हणणारेही मी पाहिलेत, आणि ते पाहून मला वाईट वाटतं. पण मूळ म्हणजे कुठलं? कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडली त्या सकाळचं? मग नंतरच्या पन्नास वर्षांचं काय करायचं?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, फिवानं, २०१२-१३ मध्ये एक सनद स्वीकारली. ती फियाटच्याच गावाच्या नावानं, तुरिनची सनद म्हणून ओळखली जाते. पुरातन वास्तूंसाठी १९६४ मध्ये व्हेनिसला जी तत्त्वं ठरली, त्यांचाच हात धरून ती गाड्यांकडे येते. वाहनाच्या आयुष्यात झालेले जुने बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, त्यांचा मान राखा, नवं काही कराल ते ओळखू येईल आणि परत काढता येईल असं करा, असा तिचा रोख. वाचून मला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. एखादं देऊळ दुरुस्त करताना आपण यादवकालीन खांब ठेवतो आणि पेशवेकालीन सभामंडपही पाडत नाही. मग टिंकरची रिबीटच काय म्हणून अस्सल नाही?

अर्थात सगळंच ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. पुढच्या चाकाच्या नटातून स्प्लिट पिनच्या जागी वाकवलेला खिळा निघाला. तो मी त्याच क्षणी फेकला. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं, नळ्या सगळी नवी. जिथं जीव टांगलेला असतो तिथं इतिहासाचं कौतुक करायचं नाही. आणि सूर्यफूल? तळ हा सांगाड्याचाच भाग, डब्याचा पातळ पत्रा त्याचा भार घेऊ शकत नव्हता. आमच्या टिंकरनं कड आखली आणि ग्राइंडर लावला. त्या जागी अठरा गेजचा नवा पत्रा आला, चहूकडून वेल्ड झाला. काम चांगलं झालं, तळ आता ठणठणीत आहे. तरी कापताना ठिणग्या उडत होत्या तेव्हा मला तिथं उभं राहवलं नाही, आत जाऊन चहा टाकला. तो तुकडा रिबिटांसकट कपाटात ठेवला आहे.

रंगाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बॉनेटवर एका जागी पाणीकागद मारत गेलो तर वर पांढरा, त्याखाली आकाशी, मग लांबीचा पिवळट थर, मग गर्द निळा, लाल ऑक्साइड आणि अगदी पत्र्यालगत फिकट राखाडी. टिंकरला राखाडी आवडतो, तो मूळचा. मिस्त्री म्हणतात पांढराच द्या, उन्हात बरा. काकूंना विचारलं. गाडी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं येते ती गर्द निळी. त्यातून त्या माहेरी, विट्याला जायच्या. मूळ रंगाची त्यांना आठवणच नाही, ती गाडी घरात आल्यावर वर्ष-दोन वर्षांतच रंगवली होती म्हणे. माझं मन निळ्याकडे आहे. परीक्षक गुण कापतील तर कापोत.

मध्येच पेट्रोलचं एक निघालं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या गाडीच्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा, कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळ्या ज्या काळातल्या आहेत त्या काळात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रबर फुगतं, मऊ पडतं, तडकतं. यातलं बरंचसं इथेनॉल येतं उसापासून. आमच्या जिल्ह्यातलेच साखर कारखाने ते गाळतात. ज्या उसाच्या चरकांवर आणि इंजिनांवर उद्यमनगर पोसलं, आणि त्या उद्यमनगरानं बहुधा हे बुश बनवून गाडीला जगवलं, तोच ऊस आता टाकीत उतरून तिच्या नळ्या खातो आहे. यात कुणाचा दोष नाही. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला. हीही एक दुरुस्तीच झाली, या काळाची. पुढं कुणी उघडेल त्याला नळीवरच्या छापावरून साल कळेल.

सध्या घरात वाद चालू आहे तो मिस्त्रींच्या नातवावरून. तो आयटीआयला आहे, गाडीला लॅपटॉप जोडून दोष काढायचं शिकतो. आजोबांबरोबर येतो, पाने हातात देतो, फारसं बोलत नाही. परवा डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडं होतं. पॉइंटवर काजळी, फीलर गेज सरकवून सरकवून गॅप जुळवायचा, काही महिन्यांनी तो पुन्हा हलायचा. पोरगा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आज्जा, हिथं सेन्सर बसतोय की. आतनं चुंबक, भाईरनं सगळं हाय तसं. पॉइंट घासायचंच न्हाईत परत." मिस्त्री भडकले. पन्नास वर्षं पॉइंटवर चालली गाडी, आता काय झालं तिला, असं बरंच. पोरगा गप्प बसला, पण त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर डिस्ट्रिब्युटरचं माप घेऊन, प्लेट कुठं बसेल, वायर कुठल्या भोकातून जाईल, हे सगळं पेन्सिलीनं काढलेलं होतं. नवं भोक एकही पाडायचं नव्हतं. काढली प्लेट की जुने पॉइंट परत जागेवर. तुरिनची सनद त्यानं वाचलेली नाही.

मी कागद मिस्त्रींपुढं सरकवला. त्यांनी चष्मा लावला, वायरीच्या वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिथं तापंल ही. एक्झॉस जवळ हाय." पोरगा वाकला. दोघांचं त्या वायरीवरून सुरू झालं ते मला पुरतं कळलंही नाही. रविवारी पोरगा प्लेट घेऊन येतो म्हणालाय.